ऊसतोडणीची बाई आणि संप्रेरकांचा इतिहास

वसंतातल्या व्याख्यानांत इतिहासाचा विषय निघाला की आपल्या शिवाजी पेठेतील श्रोत्यांची नजर आपोआप पन्हाळ्याकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. आज आम्ही जो इतिहास मांडणार आहोत त्यात किल्ला नाही, तोफ नाही. तो एका औषधाचा इतिहास आहे. स्त्रीची पाळी गेल्यावर तिच्या रक्तातील साखरेचे आणि तिच्या हृदयाचे काय होते, आणि त्यावर संप्रेरकांचा, म्हणजे डॉक्टर लोक ज्यांना हॉर्मोन्स म्हणतात त्यांचा, उपाय चालतो की नाही, यावर जगात सुमारे शंभर वर्षे वाद चालला आहे. शाळा लवकर सुटलेल्या, युनियनच्या कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाने या विषयात तोंड का घालावे, असे कोणी विचारील. उत्तर असे की, हा वाद ज्या बाईच्या अंगावर येऊन थांबला आहे, ती बाई दर गाळप हंगामात आपल्या वेशीवर येऊन राहते.

फुलेवाडी ओलांडून कुडित्र्याच्या बाजूला जा, नाहीतर शिरोळच्या वाटेला लागा. कारखाने पेटले की उसाच्या फडाशेजारी खोपी उभ्या राहतात. त्यांत बीडची माणसे असतात. या बायांशी दोन शब्द बोलत बसले तर सहज कळते की तिशीतल्या कितीतरी जणींची ‘पिशवी काढलेली’ आहे. दाढ काढल्याचे सांगावे तितक्या सहजपणे त्या हे सांगतात. डॉक्टरने काय सांगितले, असे विचारले तर उत्तर येते, ‘आता कटकट मिटली म्हणाले.’ कटकट मिटली की दुसरीच सुरू झाली, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

प्रथम शरीराची ओळख. पिशवी म्हणजे गर्भाशय. त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. मूल होण्यासाठी लागणारे बीज तेथे तयार होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण बीजकोशाचे दुसरेही काम आहे. तो रक्तात इस्ट्रोजेन नावाचा रस सोडतो, आणि तो रस हाडांपासून रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत सर्वत्र हुकूम पोचवतो. असे रस रक्तावाटे निरोप नेतात, म्हणून १९०५ साली लंडनच्या स्टार्लिंग या शास्त्रज्ञाने त्यांना ‘हॉर्मोन’ असे नाव दिले. पाळी नैसर्गिकरीत्या पन्नाशीच्या आसपास, आपल्याकडे बहुधा त्याच्याही दोन-चार वर्षे आधी जाते. तेव्हा इस्ट्रोजेनचा झरा आटतो. पोटाकडे चरबी साठू लागते, शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते, रक्तातील वाईट चरबी वाढते. हे सावकाश, वयाच्या ओघात होते. मात्र दोन्ही बीजकोश कापून काढले, तर तेच एका दुपारी होते.

संप्रेरक बाहेरून देऊन माणूस वाचवता येतो, याचा पहिला मोठा पुरावा मधुमेहानेच दिला. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मरणासन्न मुलाला इन्सुलिन टोचले गेले. पहिली सुई साधली नाही. रस अधिक शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा टोचल्यावर साखर उतरली. पुढच्या वर्षी बॅन्टिंग यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एक डॉलरला दिले. ही गोष्ट आम्ही कामगारांच्या सभांत अनेकदा सांगतो, आणि दरवेळी कोणीतरी विचारतो, मग इन्सुलिन आज इतके महाग का? असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

इन्सुलिनच्या यशाने सगळ्या ग्रंथींचे रस शोधायची एकच धांदल उडाली. १९२९ साली अमेरिकेत डॉयझी आणि जर्मनीत बुटेनान्ट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोजेनचा एक प्रकार वेगळा काढला. १९३८ साली लंडनच्या डॉड्स यांनी कृत्रिम इस्ट्रोजेन बनवले आणि त्याचे पेटंट घेतले नाही. ते स्वस्त म्हणून जगभर वारेमाप वापरले गेले, आणि ज्या गरोदर स्त्रियांना ते दिले त्यांच्या मुलींत कर्करोग दिसू लागल्याचे १९७१ मध्ये उघड झाले. स्वस्त म्हणजे निर्धोक नव्हे, हे आमच्यासारख्यांनीही लक्षात ठेवावे. १९४२ साली गाभण घोड्यांच्या मुतापासून काढलेले ‘प्रेमारिन’ अमेरिकेच्या बाजारात आले. औषधाचे नावच गाभण घोडीच्या मुतासाठी असलेल्या इंग्रजी शब्दांतून जुळवलेले आहे. आपल्याकडे गोमूत्राला नाके मुरडणाऱ्यांनी ही गोळी मात्र निमूटपणे गिळली, याची आम्हाला गंमत वाटते.

१९६६ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या डॉक्टराने एक पुस्तक लिहून सांगितले की पाळी जाणे हा एक रोग आहे आणि ही गोळी घेतली तर बाई कायम तरुण राहील. पुस्तक तडाखेबंद खपले. त्यामागे औषध कंपन्यांचा पैसा होता, हे पुढे बाहेर आले. १९७५ साली नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी वाढतो असे सिद्ध झाले. तेव्हापासून पिशवी शाबूत असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर दुसरे संप्रेरक, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे, द्यावे असा नियम पडला. पिशवी नसलेल्या स्त्रीला त्या दुसऱ्या औषधाची गरज नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता हृदयाकडे येऊ. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. पाळी चालू असेपर्यंत स्त्रीला हृदयविकाराचा झटका पुरुषापेक्षा बराच कमी येतो. पण तिला मधुमेह असेल तर निसर्गाने दिलेली ही सवलत जवळजवळ पुसली जाते. मधुमेहाने हृदयाला होणारे नुकसान पुरुषापेक्षा स्त्रीत प्रमाणाने अधिक असते. म्हणजे पाळी गेलेली आणि साखर असलेली बाई दोन्ही बाजूंनी उघडी पडते. तेव्हा डॉक्टरांनी सरळ हिशेब मांडला: इस्ट्रोजेन गेले म्हणून धोका वाढला, तर इस्ट्रोजेन परत द्या, धोका जाईल.

१९८५ साली अमेरिकेतील हजारो परिचारिकांच्या पाहणीतून तसा निष्कर्षही आला: गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार निम्म्याने कमी. मौज अशी की वैद्यकीय मासिकाच्या त्याच अंकात फ्रॅमिंगहॅमचा लेख होता, आणि तो नेमके उलटे सांगत होता. डॉक्टरांनी आपल्याला आवडणारा लेख मानला. या पाहणीतली मेख आपल्या पेठेच्या भाषेत सांगतो. आपल्याकडे तालमींना तोटा नाही. पहाटे तालमीत जाणाऱ्या शंभर पोरांच्या छात्या मोजल्या आणि न जाणाऱ्या शंभरांच्या मोजल्या, तर जाणाऱ्यांच्या भरदार निघणार. पण ते सगळे तालमीनेच झाले काय? ज्याच्या घरी दूध आहे, ज्याला रात्रपाळी नाही, ज्याला दमा नाही, तोच पहाटे तालमीत जाऊ शकतो. गोळी घेणाऱ्या परिचारिका मुळातच अधिक निरोगी, अधिक खात्यापित्या, स्वतःची निगा राखणाऱ्या होत्या. तालमीचा खरा गुण पाहायचा तर चिठ्ठ्या टाकून निम्म्या पोरांना तालमीत धाडले पाहिजे आणि निम्म्यांना घरी ठेवले पाहिजे.

अशा चिठ्ठ्या अखेर टाकल्या गेल्या. १९९८ साली हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांवरील प्रयोग जाहीर झाला. चार वर्षे औषध देऊनही हृदयाला फायदा शून्य, उलट पहिल्या वर्षी झटके जास्त. त्यानंतर अमेरिकन सरकारच्या पैशाने चाललेला फार मोठा प्रयोग आला. पिशवी असलेल्या १६,६०८ स्त्रियांना दोन संप्रेरके किंवा खोटी गोळी, आणि पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन किंवा खोटी गोळी. जुलै २००२ मध्ये पहिली बाजू मुदतीआधीच थांबवली गेली. दहा हजार स्त्रियांनी वर्षभर औषध घेतले तर हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८, फुप्फुसात गुठळी अडकण्याचे ८ आणि स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे ६ आणि खुब्याचे हाड मोडण्याचे ५ कमी. जगभर हाहाकार उडाला आणि लाखो स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या.

त्या गलक्यात दोन गोष्टी बाजूला पडल्या. एक, औषध घेणाऱ्या स्त्रियांत नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण मोठ्या प्रयोगात सुमारे एक पंचमांशाने आणि १९९८ च्या प्रयोगात सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाले. म्हणजे साखरेचा आणि इस्ट्रोजेनचा संबंध ही कल्पना नव्हती. दुसरी, प्रयोगातल्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. ज्यांच्या रक्तवाहिन्यांत आधीच चुना बसला होता त्यांना दहा-बारा वर्षांनी उशिरा औषध दिले गेले. नुसत्या इस्ट्रोजेनची बाजू २००४ मध्ये पक्षाघात वाढल्यामुळे थांबवली; तिच्यात हृदयविकार वाढला नव्हता, आणि पन्नाशीतल्या स्त्रियांत तर तो कमी होण्याकडेच कल दिसला. २०१६ साली लॉस एंजेलिसच्या ६४३ स्त्रियांवरील प्रयोगाने हे अधिक स्पष्ट केले. पाळी जाऊन सहा वर्षे झाली नव्हती अशांना इस्ट्रोजेन दिले तर मानेच्या रोहिणीची भिंत सावकाश जाड होते. दहा वर्षे उलटून गेलेल्यांना काही उपयोग नाही. वेळ महत्त्वाची. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा काळ्या चौकटीतला कडक इशारा काढून टाकण्याचे जाहीर केले. एकदा डोक्यावर घ्यायचे आणि एकदा पायदळी तुडवायचे, असे या औषधाचे दोनदा झाले आहे. आता तिसऱ्यांदा होऊ नये एवढीच अपेक्षा.

येथे गैरसमज नको. योग्य वयात पाळी गेलेल्या स्त्रीने केवळ हृदय सांभाळावे किंवा मधुमेह टळावा म्हणून संप्रेरके घेऊ नयेत, असेच अमेरिकेच्या रोगप्रतिबंधक तज्ज्ञमंडळाने २०२२ मध्येही सांगितले. ज्यांना स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या आहेत त्यांनी तर नाहीच. साखर असलेल्या बाईला द्यायचेच झाले तर बहुतेक तज्ज्ञ गोळीऐवजी कातडीवरची पट्टी पसंत करतात, कारण ती यकृतातून जात नाही आणि गुठळीचा धोका कमी. पण त्याच मंडळाने आपल्या शिफारशीत एक ओळ घातली आहे, आणि आमच्या दृष्टीने सगळ्या शतकाचा इतिहास त्या ओळीत आहे: ही शिफारस ज्यांची पाळी अकाली गेली किंवा शस्त्रक्रियेने गेली त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी वैद्यकशास्त्राचे मत बरोबर उलटे आहे. तिशी-पस्तिशीत बीजकोश गेले तर हृदयविकार, मधुमेह, ठिसूळ हाडे यांचा धोका वाढतो. आणि दुसरी आडकाठी नसेल तर निदान पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे.

आता पुन्हा फडाकडे चला. २०१९ च्या जूनमध्ये विधान परिषदेत सरकारने सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. त्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. ऊसतोडणीच्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरात जवळजवळ सतरा. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे तीन आहे.

शहरात या बातमीवर बोलताना लोक बायांच्या अडाणीपणाला दोष देतात, ते आम्हाला मान्य नाही. तोडणीचा करार पहा. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती ‘कोयत्या’ला. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. काम चुकले तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीतून वळता. पहाटे चारला फडात जायचे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचे, फडात ना पाणी ना आडोसा. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे होण्याची भीती. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, म्हणून ती डॉक्टरकडे गेली तर तो म्हणतो, पिशवीला सूज आहे, पुढे कर्करोग होईल. लग्न पंधरा-सोळाव्या वर्षी, दोन-तीन मुले, विसाव्या-बाविसाव्या वर्षी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. मग पिशवीचे काम तरी काय उरले, असे तिला सांगितले जाते. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतून. काही स्त्रियांची पिशवी काढावीच लागते, गाठी असतात, रक्तस्राव थांबत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण शंभरात सतरा?

पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर झरा त्याच दिवशी आटतो. बीजकोश ठेवले तरी अशा स्त्रियांची पाळीची उमर काही वर्षे आधीच संपते, असे अभ्यास सांगतात. म्हणजे पस्तिशीतल्या या बाईच्या रक्तवाहिन्या पंचावन्नच्या बाईसारख्या होऊ लागतात. तिला साखर झाली तर निसर्गाची सवलत दोनदा पुसली जाते. आणि क्रूर गोष्ट अशी की संप्रेरकांच्या सगळ्या इतिहासात ज्या स्त्रीच्या बाबतीत हिशेब सर्वात सरळ आहे ती हीच. वय कमी, वेळ गेलेली नाही. पिशवी नाही, म्हणून दुसरे औषध नको, नुसते इस्ट्रोजेन पुरे. अमेरिकेत साठीतल्या सुखवस्तू स्त्रियांना ते वर्षानुवर्षे वाटले गेले. हिला मात्र टाके काढायला बोलावतात, आणि पुढे साखर, रक्तदाब, हाडे तपासायला कोणी बोलावत नाही. पुढच्या हंगामात ती परत मोळी उचलते.

आपल्या देशाला संप्रेरके नवी नाहीत, हेही सांगितले पाहिजे. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जबर मात्रेच्या गोळ्या गर्भ राहिला का हे पाहण्यासाठी, खरे तर गर्भ पाडण्याच्या आशेने, खेड्यापाड्यांत विकल्या जात होत्या. १९८२ साली बंदी आली, कारखानदार न्यायालयात गेले, आणि मेडिको फ्रेंड सर्कलसारख्या मंडळींनी व स्त्री-संघटनांनी झगडून १९८८ मध्ये ती बंदी पक्की करून घेतली. जेथे नको होते तेथे औषध मुबलक, आणि जेथे हवे तेथे त्याचे नावही नाही.

असे का होते, याचे उत्तर आम्ही वैद्यकात शोधत नाही, मस्टरमध्ये शोधतो. १९२९ साली मुंबई प्रांताने बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला, देशातला पहिला; डॉ. आंबेडकरांनी कौन्सिलात त्याला जोराचा पाठिंबा दिला होता. तो गिरणीतल्या बाईला मिळू शकला, कारण गिरणीच्या मस्टरवर तिचे स्वतंत्र नाव होते. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने इस्पितळे उभी राहिली, तीही मस्टरवाल्यांसाठी. ऊसतोडणीची बाई कोणत्याच मस्टरवर नाही. ती नवऱ्याच्या कोयत्यात धरलेली आहे. तिला आजारपणाची रजा नाही, विमा नाही. बिल कारखाना मुकादमाला देतो, मुकादम कोयत्याला देतो. जिचे काम मोजले जात नाही, तिच्या बीजकोशांचा हिशेब कोण ठेवणार?

करवीर संस्थानात असा हिशेब ठेवण्याची सुरुवात मात्र फार लवकर झाली होती. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने डॉक्टर झालेल्या कृष्णाबाई केळवकर विसाव्या शतकाच्या आरंभी येथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सी.पी.आर.मध्ये, स्त्रियांवर उपचार करीत होत्या. बाईच्या दुखण्यासाठी बाई डॉक्टर हवी, हे ज्या गावाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळले होते, त्या गावाच्या शिवारात हंगामाचे पाच-सहा महिने राहणाऱ्या बाईची साखर तपासणे अवघड असू नये. मोफत तपासणी सी.पी.आर.मध्ये आहे, पण दिवसा जायचे म्हणजे खाडा.

मधुमेहावर अलीकडे आणखी एका संप्रेरकाचा बोलबाला आहे. आतड्यातून निघणाऱ्या रसाची नक्कल करणारी ही औषधे साखर व वजन उतरवतात, आणि २०१६ साली ९,३४० मधुमेही रुग्णांवरील प्रयोगात त्यांपैकी एकाने हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक पंचमांशाने कमी केले. पाळी गेलेल्या मधुमेही स्त्रीच्या हृदयासाठी आज इस्ट्रोजेनपेक्षा हा मार्ग अधिक पक्का आहे. जून २०२५ मध्ये त्यातले ‘वेगोव्ही’ नावाचे इंजेक्शन वजनासाठी म्हणून भारतात आले, तेव्हा महिन्याला सतरा हजारांवर दर होता. एका डॉलरच्या पेटंटापासून आपण कोठे आलो, हे यावरून दिसते.

२०१९ नंतर बीडमध्ये खाजगी इस्पितळांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचा नियम झाला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणा, असे सर्व राज्यांना सांगितले. हे पुढच्यांसाठी झाले. ज्यांची पिशवी आधीच गेली त्यांच्याबाबत आमची मागणी फार साधी आहे, आणि सभेस आलेल्यांपैकी ज्यांच्या शेतात टोळी येते त्यांनी ती स्वतः पुरी करण्यासारखी आहे. बहुतेक बायांना नुसती पिशवी काढली की बीजकोशही काढले, हेच ठाऊक नसते. इस्पितळाचा सुटीचा कागद गावाकडे पत्र्याच्या पेटीत असतो. तो हंगामाला येताना बरोबर आणायला सांगावा आणि शिकलेल्या कोणीतरी वाचून द्यावा. त्यावर दोन्ही बीजकोश काढल्याची नोंद असेल आणि बाई पंचेचाळिशीच्या आत असेल, तर तिला सी.पी.आर.च्या स्त्रीरोग विभागात न्यावे, साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी तपासून घ्यावी आणि इस्ट्रोजेनविषयी स्पष्ट विचारावे. कागद हरवला असेल तर पोटाची सोनोग्राफी तेथेच होते. त्या दिवसाचा खाडा मुकादमाने धरू नये, हे मात्र मळ्याच्या मालकाने आणि कारखान्याच्या शेतकी खात्याने आधी बोलून ठेवावे लागेल.